चार मिनिटं वीस सेकंद

“चित्र दिसलं म्हणून लगेच उठायचं नाही. खुर्ची ओढायची, बसायचं, आणि त्या घरातलं माणूस जितका वेळ बघतं तितका वेळ आपणही बघायचं.”

सीताराम सर हे सांगायचे तेव्हा टीव्हीच्या केबली एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर लोंबत जायच्या. सरांना जाऊन सहा वर्षं झाली. आता महापेच्या ट्रेनिंग सेंटरमध्ये त्यांच्या जागी सुचिता उभी राहायची आणि नव्या इंजिनिअरांना शिकवायची, की इंटरनेटच्याच तारेतून टीव्ही घरोघर कसा पोचवायचा. अकरा बॅचेस तिच्या हाताखालून गेल्या. शेवटच्या दिवशी पोरं मॅडम-मॅडम करत फोटो काढायची आणि जी जायची ती जायचीच. कामोठ्याच्या घरी संध्याकाळी ती निरांजन लावी, एकटीपुरत्या दोन पोळ्या लाटी. कधी कधी शुक्रवारी ऑफिसातून निघताना ‘येते’ म्हटलेलं, त्यानंतर सोमवारपर्यंत तोंडातून शब्द निघालेला नसे. देवाशी बोलायची तेवढंच.

त्या बुधवारी ग्राहकांच्या तक्रारींचा तास होता. बाराव्या बॅचमधल्या तेजसने लॅपटॉपवर एक रेकॉर्डिंग लावलं.

“ही आपली सारसोळ्याची आजी, मॅडम. मालतीबाई. फेमस आहे. सात कंप्लेंट, सातही क्लोज.”

आवाज थकलेला होता, पण तक्रारीचा नव्हता. “अरे पोरा, आरती सुरू होते, धूप दावतात, न देव तसाच थिजतो. तुमी सांगतास तसा डबा बंद करून चालू करते, तवर आरती सरते. पुरी आरती बघल्याबिगर मी च्या-पानी घेत नाय. नेम हाय माझा. काल दुपारी चक्कर आली.”

वर्गात खसखस पिकली.

“आपला माणूस जातो ना, तेव्हा चित्र एकदम मस्त,” तेजस म्हणाला. “दोन मिनिटं बघतो, सही घेतो, निघतो. आजीला बोलायला कोणी नाहीये, बाकी काय नाय.”

सुचिता हसली नाही. ती स्वतः रोज सकाळी तीच आरती मोबाइलवर लावून देवाला फुलं वाहायची. धूप येतो तो चारेक मिनिटांनी. दोन मिनिटांत उठणाऱ्याला तो कसा दिसावा?

तिने सगळ्यांना लॅबमध्ये नेलं. सेंटरचा मोठा राउटर बाजूला काढला आणि आजीच्या इमारतीसारख्या लहान इमारतींत बसवतात तसला स्विच, म्हणजे नेटची तार घरोघर वाटणारी पेटी, लावला. प्रत्येक बॅचला ती देई त्या तिच्याच छापील कागदावरच्या सूचना एकेक करून त्यात भरायला लावल्या. मग बातम्यांचं चॅनेल लावलं आणि म्हणाली, “बसा. कोणी उठायचं नाही.”

तेजसने मोबाइलवर वेळ लावली. तीन मिनिटं झाली तशी पोरं चुळबुळायला लागली. चार झाली. चार मिनिटं वीस सेकंदांना निवेदिकेचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

“आयला,” तेजस म्हणाला आणि जीभ चावली.

“स्विचला कळणार कसं, की समोर कोणी बघतंय?” सुचिताने विचारलं. “वरून कोणीतरी अधूनमधून विचारावं लागतं, हे चॅनेल कुणाला हवंय का? घरातला टीव्हीचा डबा ‘हो’ म्हणतो आणि चॅनेल चालू राहतं. कोणी विचारलंच नाही, तर डबाही गप्प. मग चारेक मिनिटं वाट बघून स्विच धरून चालतो की घरात कोणी नाही, आणि चॅनेल तोडतो.”

“मग विचारायचं कोणी?”

“इथे मोठा राउटर विचारतो. लहान इमारतीत ते काम स्विचलाच सांगावं लागतं. एका ओळीची सूचना आहे.” ती थांबली. “इथे तिची गरज पडत नाही, म्हणून चौथ्या बॅचच्या वेळी मीच ती ओळ कागदावरून काढली. कागद एका पानात बसावा म्हणून.”

तेजस उगाच स्विचची वायर सरळ करत राहिला.

दुपारी तिने ऑपरेशन विभागातल्या अभयला फोन करून सारसोळ्याच्या स्विचमध्ये ती ओळ घालायला सांगितलं. तो म्हणाला, “ताई, करतो, पण मंजुरी लागेल. उद्या अकराच्या आधी नाही जमणार. आणि कंप्लेंट तर क्लोज आहे. तुम्ही कशाला अंगावर घेता?”

“चूक माझी आहे रे,” ती म्हणाली. सगळ्या बॅचेसना तिने मेल लिहिला, ‘माझ्या कागदात एक ओळ कमी आहे.’ संध्याकाळपर्यंत एकाचंही उत्तर आलं नाही. अकरा म्हणजे आरतीनंतर चार तास. आणखी एक सकाळ म्हातारी उपाशी राहणार. मग तिने मालतीबाईंचा नंबर लावला.

“कोन बोलतंय?”

“मी सुचिता, टीव्हीवाल्यांकडून. आजी, तुमचं खरं होतं. आरती आमच्यामुळेच तुटते.”

“मंगे ती पोरा येडी समजत व्हती मना.”

“चॅनेल बदलून परत लावता येतं का तुम्हाला? लगेच येईल.”

“नातवाने रिमोटला पट्टी चिकटवलीय गो. एकच बटन उगडा ठेवलाय, चालू-बंदचा. तो गेला पुन्याला. मना आता दिसत पन नाय बारीक.”

“उद्या अकराला दुरुस्त होईल. पण सकाळच्या आरतीला मी कामोठ्याहून येते. थांबली तर मी परत लावीन. आणि नाहीच लागली, तर पुढची आपण दोघी म्हणू.”

“तू येशील एवढ्या लांबून? सात जनांनी सांगला परत येतो.”

“येते, आजी.”

पहाटे तिने आंघोळ केली, देवापुढे दिवा लावला, पण मोबाइलवर आरती लावली नाही. चहाचं भांडं फळीवर पालथंच राहू दिलं. लॅपटॉपच्या बॅगेत वायर आणि कागद घातले. शेजारी झोपलेले, म्हणून कडी आवाज न करता ओढली आणि चपला हातात घेऊन ती दोन मजले उतरली. नाक्यावर एकच रिक्षा उभी होती.

“सारसोळे,” ती म्हणाली. “सातच्या आत पोचायचंय.”