नव्या डब्याला तळणाचा वास

काय हो, खरं सांगा, तुम्ही विश्वास कुणावर ठेवता? छापील आकड्यावर, गोड बोलणाऱ्या माणसावर, की स्वतःच्या नाकावर? घाई नाही. आधी माझी हकिकत ऐका, मग ठरवा. मी टीव्हीखाली ठेवतात तो सेट टॉप बॉक्स बोलतोय. एवढं लांबलचक नाव फक्त कंपनीच्या कागदावर. घराघरांत मला नुसता डबा म्हणतात, आणि माझा जन्म कसा गेला ते पाहता तेच नाव शोभतं.

कारखान्यात माझ्या पोटातल्या चिपवर एक आकडा नोंदवला आणि तोच आकडा कागदी पट्टीवर छापून पाठीवर चिकटवला. आम्हा डब्यांचं इमान एवढंच, की पोटात जे, तेच पाठीवर. माणसांच्या ओठात एक आणि पोटात एक असू शकतं, हे ज्ञान मला बाजारात आल्यावर झालं.

तेव्हा केबलच्या धंद्यात उलथापालथ चालली होती. तोवर छतावरून वायर यायची, टीव्हीच्या पाठीत खोचली की चित्र हजर. मग वरून हुकूम सुटला, की यापुढे चित्र डिजिटल येणार आणि ते उलगडायला घरोघरी डबा लागणार. आम्ही साठ भावंडं खोक्यांत बसून मामाच्या दुकानात उतरलो.

मामा म्हणजे केबलवाला. लहानथोर सगळे त्याला मामाच म्हणत. पोट सुटलेला, हसतमुख, आल्यागेल्याला खुर्ची पुढे करणारा. त्या आठवड्यात दुकानात नुसती झुंबड होती.

“मामा, म्हणजे आता दोन रिमोट? माझा एकच सारखा हरवतो!”

“मग आता आलटून पालटून हरवा, वहिनी.”

“आणि हा मधला दलाल कशाला? इतकी वर्षं चित्र त्याच्याशिवाय दिसतच होतं ना?”

“दलाल नव्हे हो, दादा, तंत्रज्ञान! पूर्वी पाऊस आला की चित्रात मुंग्या यायच्या. आता मुंग्या बंद.”

“मग काय येणार?”

“चौकोन. पण कसे स्वच्छ चौकोन!”

सगळे हसले आणि हसत हसत डबे घेऊन गेले. गिऱ्हाईक हसलं की त्याचा हात खिशाकडे जातो, हे मामाला कुणी शिकवलं नव्हतं. धंदा त्याच्या अंगातच होता. त्याचं मला तेव्हा कौतुक वाटलं, ते कबूल करतो.

माझी रवानगी एका खानावळीत झाली. गल्ल्याच्या वर फळी, फळीवर मी आणि हाताच्या अंतरावर तळणाची कढई. दोन वर्षं मी तो धूर प्यालो. माझ्या जाळीत तेलाचा राप चढला. गल्ल्यावरचा मालक ज्या बोटांनी तोंड पुसायचा त्याच बोटांनी माझं बटण दाबायचा. शिवाय मी गरम. उबेला झुरळं आली, त्यांनी माझ्या पोटात संसार थाटला, पिल्लं झाली, म्हातारी तिथंच मेली. शिसारी येते ना? मला तर सोसायची होती. मामाने मला तिथं लावतानाच मार्करने माझ्या पाठीवर, पट्टीच्या बाजूलाच, लिहून ठेवलं होतं: ‘खानावळ, गल्ल्यावर’. अक्षर झोकदार, शेवटच्या अक्षराला लांब शेपूट.

पुढे खानावळ बसली. मालकाने वर्षाची वर्गणी आधीच भरलेली होती, ती अजून पुष्कळ शिल्लक होती. मामाने मला काढून आणलं आणि फडताळात टाकलं. मला वाटलं, सुटलो.

कसला सुटतोय!

त्याच सुमारास कंपनीने आणखी नवे, आणखी चांगल्या चित्राचे डबे पाठवले. त्यातला एक होता घड्याळजी काकांच्या नावाचा. हे काका म्हणजे निवृत्त घड्याळ दुरुस्त करणारे, आणि जुनी वायर शेवटपर्यंत न सोडणारं एकमेव गिऱ्हाईक. आता मात्र जुनी लाइन बंदच होणार होती. त्यांच्या नावाचा तो कोरा करकरीत डबा मामाने एका लॉजवाल्याला विकून टाकला. मग मला फडताळातून काढलं, फडक्याने वरवर पुसलं. नव्या डब्याच्या आकड्याची दुसरी पट्टी छापून माझ्या पाठीवर, जुनी पट्टी आणि ते मार्करचं अक्षर झाकलं जाईल अशी, चिकटवली. वर नवं प्लास्टिक गुंडाळलं आणि माझ्यावर चापट मारून म्हणाला, “जा, नवरदेवा!”

त्या क्षणापासून मला माझीच किळस वाटू लागली. पोटात एक आकडा, पाठीवर दुसरा. काकांचे पैसे जमा होणार पाठीवरच्या आकड्यावर, म्हणजे चित्र दिसणार लॉजवाल्याला. मी मात्र खानावळीच्या उरलेल्या वर्गणीवर चालणार, ती संपेपर्यंत.

काकांचं घर दोन खोल्यांचं. खिडकीशी काकूंचा पलंग. कंबरेच्या दुखण्याने त्या बहुतेक वेळ पडून असत. समोर टीव्ही आणि कोपऱ्यात काकांचं मेज, त्यावर चिमटे, भिंग आणि शेजारपाजारची पाच-सहा बंद घड्याळं. निवृत्त झाले तरी हात थांबला नव्हता. दाराआड खिळ्याला एक पुठ्ठ्याचं कार्ड टांगलेलं. जुन्या पद्धतीत घरोघरी असं कार्ड असे. मामा वर्गणी घेई, त्यावर तारीख टाकून सही करी. डिजिटल झाल्यावर मामाने सगळी कार्डं गोळा केली. “आता सगळं कॉम्प्युटरवर. कागद म्हणजे कचरा!” काकांनी तेवढं दिलं नाही. “राहू दे. खिळा उघडा पडेल,” म्हणाले. कार्ड राहिलं, पण पुढच्या ओळी कोऱ्या राहू लागल्या.

पहिल्याच दिवशी मी तापलो आणि काकूंनी नाक वर केलं.

“अहो, नव्या डब्याला तळणाचा वास कसा येतोय?”

“शेजारी कुणी तळत असेल.”

“शेजारी कुलूप आहे.”

“मग प्लास्टिकचा असेल. नव्या वस्तूला वास येतोच.”

“मी चाळीस वर्षं चूल सांभाळली. मला तेल आणि प्लास्टिक कळत नाही होय?”

काका हसले. मी मेल्याहून मेलो.

आठ महिने बरे गेले. मग एका सकाळी पडदा काळा झाला आणि त्यावर अक्षरं आली: आपली वर्गणी संपली आहे.

काकूंनी वाचलं. मग अगदी हळू विचारलं, “तुम्ही भरली होतीत ना?”

“एक तारखेला दिली की, हातात.”

काका मला तसंच ठेवून दुकानात गेले. तिथं काय झालं ते त्यांनीच आल्यावर सांगितलं. मामाने कॉम्प्युटरकडे पाहिलं, घसा खाकरला आणि चारचौघांत त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “काका, वय झालं की होतं असं. माझे वडीलही शेवटी शेवटी चष्मा डोळ्यावर ठेवून चष्मा शोधायचे. परत भरा, लगेच चालू करतो.” काकांनी परत भरले. मामाने ते पैसे गुपचूप माझ्या पोटातल्या आकड्यावर टाकले आणि मी सुरू झालो. झालं! काकांच्या विसरभोळेपणाचा पुरावा म्हणजे मीच.

चूक करणं निराळं. ती कळल्यावर समोरच्या म्हाताऱ्याच्या डोक्यात ढकलून देणं, याला मी चोरीसुद्धा म्हणणार नाही. चोर निदान वस्तू नेतो.

पुढच्या महिन्यात तेच. एक तारखेला दिलेले पैसे लॉजवाल्याच्या डब्याला आणि चार दिवसांनी माझा पडदा काळा. तिसऱ्या महिन्यात काकांनी पैसे दिल्या दिल्या कॅलेंडरवर लिहून ठेवलं: दिले. तरी पडदा काळाच. काका किती तरी वेळ स्वतःच्या अक्षराकडे बघत उभे राहिले.

“मी लिहिलं खरं,” ते म्हणाले, “पण दिले नसतील. लिहून ठेवलं आणि जायचं राहिलं असेल.”

“अहो, असं कसं?”

“मग तूच सांग कसं ते!”

या घरात मी त्यांचा चढलेला आवाज पहिल्यांदा ऐकला. त्या दिवसापासून ते दाराला कुलूप लावून पुन्हा बघायला परत येऊ लागले. औषध घेतलं की नाही, हे काकूंना तीनतीनदा विचारू लागले. आणि एक दिवस शेजारची शिंपीणबाई नवऱ्याचं घड्याळ घेऊन आली, तर म्हणाले, “नको. दुसरीकडे न्या. एखादा स्क्रू कुठं ठेवला ते आठवायचं नाही मला.” भिंग डबीत घातलं, चिमटे फडक्यात गुंडाळले, मेज रिकामं केलं. पन्नास वर्षं दुसऱ्यांची वेळ बरोबर ठेवणारा माणूस, त्याचा स्वतःवरचा विश्वास उडाला. कुणामुळे? माझ्यासारख्या मळक्या डब्याच्या पाठीवरल्या खोट्या पट्टीमुळे.

काकू पडून हे सगळं बघत होत्या. एका दुपारी म्हणाल्या, “तो डबा इकडे आणा.”

“कशाला?”

“आणा म्हणते ना. आणि तुमचं भिंगही आणा.”

“अगं, मला आता नाही जमत.”

“मग मी उघडते. स्क्रू हरवले तर माझ्या नावावर.”

काकांनी भिंग डोळ्याला लावलं आणि हात आपोआप कामाला लागले. झाकण निघालं. आत तेलाचा पिवळा थर, वाळलेली झुरळं, त्यांच्या अंड्यांच्या कुप्या. काकूंनी पदर नाकाला लावला. “हा तुमचा नवा डबा!”

काकांनी मला उलटा केला. पट्टीचा एक कोपरा उठला होता, तो चिमट्याने धरला आणि घड्याळाची नाजूक स्प्रिंग काढावी तशी ती पट्टी अलगद सोलली. खाली दुसरी पट्टी, दुसरा आकडा. त्या शेजारी झोकदार अक्षर: ‘खानावळ, गल्ल्यावर’. शेवटी लांब शेपूट. काका उठले, दाराआडचं कार्ड काढून आणलं आणि त्यावरची मामाची सही त्या अक्षराशेजारी धरली. तेच शेपूट.

त्यांनी भिंग डोळ्यावरून काढलं. “म्हणजे मी दिले होते,” म्हणाले. “दिले होते मी.”

“मला काय सांगता? त्याला जाऊन सांगा.”

दुकानात पाच-सहा गिऱ्हाइकं होती. काकांनी मला काउंटरवर पालथा ठेवला. मामाने पाठीवरचं अक्षर पाहिलं आणि त्याचं हसू जागच्या जागी थिजलं.

“या, काका, बसा. चहा सांगतो.”

“चहा नको.”

“अहो, गोडाउनमध्ये अदलाबदल झाली असणार. पोरांचा घोळ. नवा डबा देतो, तीन महिन्यांचे जादाचे पैसे परत देतो. हे घ्या, आत्ता!” आणि नोटा मोजायला लागला.

“ठेवा ते,” काका म्हणाले आणि कार्ड पुढे सरकवलं. “आधी तारखा लिहा. मी ज्या ज्या दिवशी दिले, त्या सगळ्या. आणि सही करा.”

“आता या कार्डाला कोण विचारतंय?”

“घरी एक जण विचारते.”

मामाने पेन काढलं. पहिल्या काही ओळी भरल्या, मग थांबला. “काका, मागच्या महिन्यात तुम्ही पहिल्यांदा कधी दिलेत ते मला नाही आठवत.”

“मला आठवते,” काका म्हणाले. “सोमवार होता. तुमच्या शटरचं कुलूप अडकलं होतं आणि तुम्ही त्यात खोबरेल तेल ओतत होतात. मी म्हटलं, खोबरेल गोठेल, मशीनचं घाला. तुम्ही पैसे डाव्या हाताने घेतलेत, कारण उजवा तेलकट होता. लिहा.”

मामाने लिहिलं.

काका नवा डबा आणि भरलेलं कार्ड घेऊन गेले. घरी काय झालं ते मला ठाऊक नाही, कारण मी काउंटरवरच राहिलो होतो. पण दोन दिवसांनी शिंपीणबाई दुकानात आली, तेव्हा तिच्या नवऱ्याचं घड्याळ तिच्याच मनगटावर होतं आणि चालू होतं.

इथंच संपवलं असतं तर तुम्हालाही बरं वाटलं असतं. पण किळस अजून संपलेली नाही. त्या दिवशी तिथं उभी असलेली पाच-सहा माणसं बाहेर पडताना काय म्हणाली? “मामाचं चुकलंच, पण स्वभावाने चांगला आहे हो!” पुढच्या एक तारखेला तीच माणसं आली, पैसे दिले, कागद न मागता गेली.

आणि मी? काल मामाने मला थिनरने पुसलं. मार्करचं अक्षर गेलं. नवी पट्टी चिकटवली, आकडा तिसरा. मी प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला आहे आणि कुणाच्या घरी जाणार ते मला माहीत नाही. कदाचित तुमच्याही येईन. तेव्हा नव्या डब्याला तळणाचा वास आला, तर घरातल्या नाकाला हसू नका. झाकण उघडा, पट्टी सोला. आणि एवढं माझं ऐका: खिळ्याला एक कार्ड टांगा. द्याल ते त्याच दिवशी लिहा, घ्याल तेही लिहा, आणि घेणाऱ्याची सही तिथल्या तिथं घ्या. हिशेब खरा ठेवा. मला तो ठेवता येत नाही. माझ्या पोटातला आकडा अजून पहिलाच आहे, पण तो कुणी विचारत नाही.