कागदी फिल्टरला तेल

नंदन देवस्थळींची गाडी सिग्नलला उभी राहिली की थरथरायची. चालत असताना काही नाही, पण ब्रेकवर पाय ठेवला की सीटपासून स्टिअरिंगपर्यंत हुडहुडी भरल्यासारखी व्हायची आणि आरपीएमचा काटा पाचशे ते नऊशेच्या मध्ये झोके घ्यायचा. मंगळवारी तर कॅनडातल्या मिसिसागा शहरात एका चौकात, डावीकडे वळायच्या लेनमध्ये, ती चक्क बंद पडली. मागे ट्रक उभा. चौथ्यांदा किल्ली फिरवली तेव्हा कुठे सुरू झाली. नंदन त्यांच्या बायकोच्या, पद्मजाच्या, केअर होममध्ये वीस मिनिटं उशिरा पोचले. चौकातली हकीकत ऐकून तिथल्या नर्सने विंडसरला त्यांच्या मुलीला, नीलिमाला, फोन केला.

पद्मजा दोन वर्षांपासून होममध्ये होती. घर हॅमिल्टनला, पण बेड रिकामा झाला तो मिसिसागात. मिळेल तो घ्यायचा, नाहीतर यादीत पुन्हा तळाला. तेव्हापासून नंदन रोज साडेदहाला डब्यात गरम वरणभात भरून निघत आणि जेवणाच्या वेळेला पोचत. पद्मजाला त्यांचं नाव आठवत नव्हतं. आपण कुठे आहोत हेही तिला माहीत नव्हतं. पण त्यांनी चमचा पुढे केला की ती तोंड उघडायची. दुसऱ्या कोणी भरवायला घेतलं की दातखीळ बसल्यासारखे ओठ घट्ट मिटायची. जानेवारीत बर्फामुळे दोन दिवस रस्ते बंद होते. ते दोन्ही दिवस तिने नुसत्या पाण्यावर काढले होते. म्हणजे नंदन शहात्तराव्या वर्षी गाडी चालवत होते ते हौस म्हणून नव्हे. ते गेले तर ती जेवत होती, इतका साधा हिशेब होता.

फोनवर नीलिमाने आडपडदा ठेवला नाही. गाडीचा दोष असेल तर गाडी दुरुस्त करू. तुमचा असेल, तर किल्ली माझ्याकडे. नंदन लगेच हो म्हणाले. गाडी वीस वर्षांची होती, दोष कोणाचा याबद्दल त्यांना शंका नव्हती.

शनिवारी नीलिमा पहाटे विंडसरहून निघाली आणि नऊच्या आत हजर झाली. बापलेक गराजमध्ये शिरले. नंदननी आयुष्यभर स्टील मिलमधली यंत्रं सांभाळली होती. टायर सोडले तर आपल्या गाडीला त्यांनी कधी परक्याचा हात लागू दिला नव्हता. नीलिमा आठ वर्षांची असताना याच गराजमध्ये दुधाच्या क्रेटवर उभी राहून इंजिनात डोकवायची. काही विचारलं तर बाबा उत्तर द्यायचे नाहीत, उलटा प्रश्न विचारायचे. वैताग यायचा, पण त्या वैतागातूनच ती इंजिनिअर झाली होती.

"तुझ्या कारखान्यात नट रोबो पिळतो," नंदन म्हणाले. "इथे तुलाच पिळायचाय. माझी बोटं आता वळत नाहीत."

"रोबो एवढं बोलत नाही, बाबा."

"म्हणून त्याला काही येत नाही. सांग, इंजिनाला काय लागतं?"

"पेट्रोल, ठिणगी, हवा."

"आणि चालताना ठीक, उभी राहिली की थरथर. मग आधी कुठे बघायचं?"

"हवेकडे. उभ्या गाडीत इंजिन अगदी थोडी हवा घेतं. थोड्यात थोडी चूक झाली तरी मोठी वाटते."

नंदनना बरं वाटलं. मंगळवारपासून पहिल्यांदा. त्यांनी तिला पुढचं सगळं पुन्हा एकदा समजावून सांगितलं, तिला ते ठाऊक असूनही. हवा आधी कागदी फिल्टरमधून गाळली जाते. मग नळीत केसाएवढी एक तापलेली तार असते. हवा तिच्यावरून जाते आणि तिला निववते. ती किती निवली त्यावरून हवा किती आली हे कॉम्प्युटरला कळतं, आणि तो त्या मापाने पेट्रोल सोडतो. त्यापुढे एक गोल झडप, तिच्या कडेला काजळी साचते. तार मळली किंवा झडप चिकटली की माप चुकतं आणि इंजिन धाप लागल्यासारखं करतं. दोन्ही पुसून काढलं की झालं.

नीलिमाने फिल्टरच्या खोक्याच्या कड्या सोडल्या, झाकण उचललं आणि तशीच थांबली.

फिल्टर तेलाने निथळत होता. कागदाच्या घड्या एकमेकींना चिकटल्या होत्या, आणि खोक्याच्या तळाशी पिवळसर थारोळं साठलं होतं.

"हे कोणी केलं?" नंदन म्हणाले. आणि मग ते खरंच चिडले. ही चूक त्यांना पाठ होती. पुण्यात स्कूटरचा फिल्टर स्पंजचा असायचा; तो रॉकेलमध्ये धुवायचा, पिळायचा, तेलात बुडवून पुन्हा पिळायचा आणि मग बसवायचा. रविवार सकाळचा कार्यक्रमच तो. स्पंजाची भोकं मोठी, म्हणून धूळ धरायला तेल हवं. कागदाला ते नको. कागद तेलाने गुदमरतो, आणि उरलेलं तेल उडून त्या तारेवर बसतं. महाराष्ट्र मंडळात भारतातून नवीन येणारी मुलं पहिली जुनी गाडी घ्यायची, तेव्हा नंदन प्रत्येकाला बाजूला घेऊन सांगायचे, की बाबांनो, स्कूटरची सवय विमानतळावरच सोडा. तरी एखादा करायचाच, आणि मग गाडी ढकलत यांच्या दारात यायचा.

"कुठल्या गाढवाने हा..." म्हणत त्यांनी फिल्टर तिच्या हातातून घेतला आणि उलटा केला.

कडेच्या रबरावर काळ्या मार्करने लिहिलं होतं: १४ मार्च. नवीन फिल्टर बसवला की ते नेहमी अशी तारीख घालायचे. मराठी आकडे नीलिमा या तारखांवरूनच शिकली होती. एकचं डोकं गरगरीत आणि चारचे हात जरा फाकलेले, अक्षर त्यांचंच होतं. १४ मार्चला तीन आठवडे झाले होते. थरथर त्यानंतर दोन-चार दिवसांनीच सुरू झाली होती.

नंदननी आठवायचा प्रयत्न केला. दुकान, खोकं, तेलाचा डबा, हात पुसायचं फडकं. एखादी गोष्ट विसरली की निदान तिची रिकामी जागा जाणवते. इथे रिकामी जागाही नव्हती. त्या दिवसाला कुठेही फट नव्हती, आणि तरी हातात हा फिल्टर होता.

पद्मजाचं असंच सुरू झालं होतं. एका दुपारी तिने लोणच्याच्या बरणीत दूध ओतलं आणि हे कोणी केलं, हे कोणी केलं, असं विचारत घरभर फिरली. घरात दोघंच होती. तेव्हा नंदन म्हणाले होते, अगं मीच, चुकून झालं.

"बाबा," नीलिमा म्हणाली, "हल्ली हे फिल्टर कधी कधी तेल लावूनच येतात. बॅच खराब असणार."

तिने त्यांच्याकडे पाहिलं नाही. ती गाड्यांच्या कारखान्यात क्वालिटी सांभाळत होती, आणि यंत्राच्या बाबतीत ती आजवर एकदाही खोटं बोलली नव्हती. नंदनना तो आवाज ओळखू आला. तो त्यांचाच होता, बरणी हातात धरून बोललेला.

"असेल," ते म्हणाले. "तार सोडव. बोट लावू नकोस, फडकंही नाही. नुसता क्लीनरचा फवारा, दहा-बारा वेळा. मग वाळू दे."

त्यांनी सगळं नीट सांगितलं. एकही पायरी चुकली नाही, आणि तेच जास्त भयंकर होतं. झडपेवर फवारा थेट मारू नकोस, आधी फडक्यावर घे. कडेची काजळी जुन्या दात घासायच्या ब्रशने काढ. झडप हाताने ढकलायची ती हलकेच. खोक्यातलं तेल टिपून घे. नीलिमाने सोबत आणलेला नवा फिल्टर बसवला. त्याच्यावर तारीख घालायला तिने मार्कर पुढे केला, तर नंदननी नको म्हणून मान हलवली. मग तिनेच घातली.

गाडी सुरू केली. काटा थोडा डगमगला, वर गेला, खाली आला आणि सातशेवर जो बसला तो हलेना. सीट शांत होती, स्टिअरिंगही. दहा मिनिटं दोघं नुसतीच ऐकत उभी राहिली.

"दोष गाडीचाच होता," नीलिमा म्हणाली. "किल्ली तुमची."

नंदन जिंकले होते. त्यांनी किल्ली घेतली आणि मुठीत धरून ठेवली. मंगळवारी चौकात गाडी बंद पडली, हे त्यांना लख्ख आठवत होतं. पण सोमवारी? गेल्या आठवड्यात हायवेवर? जे आठवतच नाही, ते झालं नाही कशावरून? बसने जायचं म्हटलं तर दोन बस आणि मध्ये एक ट्रेन. कुठे उतरायचं, कुठे बदलायचं, ते रोज लक्षात ठेवायला हवं.

"आज तू चालव," ते म्हणाले आणि किल्ली तिच्या हातात ठेवली. ती स्टिअरिंगमागे जाऊन बसली.

वाटेत प्रत्येक सिग्नलला गाडी मांजरासारखी गप्प उभी राहिली.

होममध्ये पद्मजा खिडकीशी खुर्चीत होती. नंदननी डबा उघडला, भात कालवला आणि वाटी नीलिमाला दिली.

"मला नाही जमणार, बाबा."

"जमेल. बोलायचं नाही. चमचा अर्धाच भर. खालच्या ओठाला नुसता टेकव आणि थांब. घाई करायची नाही."

नीलिमाने अगदी तसंच केलं. पद्मजाचे ओठ मिटलेलेच राहिले. तिने मान वळवून नंदनकडे पाहिलं, वाट पाहावी तसं.

"पुन्हा," ते म्हणाले.

पाच वेळा झालं. सहाव्या वेळी वरण हनुवटीवरून खाली ओघळलं. नंदनचा हात आपोआप पुढे जायला लागला. त्यांनी तो मागे घेतला. आपण समोर आहोत तोवर ती आपलीच वाट पाहणार, हे त्यांच्या लक्षात आलं. ते उठले, बाहेर कॉरिडॉरमध्ये जाऊन भिंतीजवळच्या बाकावर बसले आणि दाराकडे बघायचं नाही असं त्यांनी ठरवलं.

अर्ध्या तासाने नीलिमा बाहेर आली. भातावर साय आल्यासारखा पापुद्रा धरला होता. वाटी होती तशीच भरलेली.

"उद्या परत बघू," ती म्हणाली. "मी आज राहते."

नंदननी मान डोलावली. आज त्यांनी भरवलं असतं, तर उद्याही ती त्यांचीच वाट पाहत राहिली असती. उद्या रविवार होता. परवा सोमवारी नीलिमाला विंडसरला कामावर हजर व्हायचं होतं.