पहिलं नाव विल्फचं

कबुतरांच्या ढाबळीत चोवीस खण होते. एकवीस रिकामे. दोनांत वाळलेल्या रंगाचे डबे, आणि वरच्या रांगेत डाव्या कोपऱ्यातल्या खणात कबुतरांनी अंडी घालायचं मातीचं एक पसरट वाडगं. विल्फ हेस्लॉप गुडघ्याखाली पोतं घेऊन बसला होता आणि पत्र्याच्या पट्टीनं खालच्या रांगेचा तळ खरवडत होता. चौदा वर्षांत तिथला थर दगडासारखा झाला होता. तो पापुद्र्या-पापुद्र्यानं सुटत होता आणि खालून लाकूड अगदी पिवळं, कोरं निघत होतं.

"बाबा, चहा गार झाला," लोर्नानं मागच्या दारातून हाक मारली. "ये आता. ह्या कॉम्प्युटरनं मला तीनदा बाहेर हाकललंय."

तो हात पुसत आत आला. स्वयंपाकघरातल्या टेबलाच्या एका टोकाला मुलगी लॅपटॉप उघडून बसली होती. दुसऱ्या टोकाला हिल्डा, त्याच्या मेलेल्या बायकोची, नोरीनची, धाकटी बहीण, जाड पावाचे तुकडे करून त्यांत हॅम आणि वाटाण्याचं पिठलं भरत होती. तिला कुणी बोलावलं नव्हतं. पण गावातल्या कुठल्याही घरी विम्याचे पैसे परत मागायचा हा अर्ज भरला जात असला की हिल्डा पाव घेऊन हजर असे.

त्या उन्हाळ्यात इंग्लंडातल्या डरमच्या किनाऱ्यावरच्या त्या गावात दुसरा विषयच नव्हता. खाण बंद पडल्यापासून एवढा पैसा एकदम गावात आला नव्हता. पूर्वी कर्ज काढलं की सावकार कंपन्या त्याला हळूच एक विमा चिकटवून देत. आजारी पडलात किंवा नोकरी गेली, तर हप्ते विमा भरणार. निम्म्या लोकांना तो आपल्या गळ्यात आहे हेच ठाऊक नव्हतं. उरलेल्यांना सांगितलं होतं की त्याच्याशिवाय कर्ज मिळणार नाही. आणि ज्यांना त्याचा कधी उपयोगच होणार नव्हता अशांनाही तो विकला होता. आता फसवून विकलेल्या विम्याचे पैसे व्याजासकट परत करायचे होते, आणि मागायची मुदत ऑगस्टअखेर संपत होती. हिल्डाला तिच्या पैशांतून सोफा मिळाला होता. त्यावर बसलं की सावकार बुडाखाली आहे असं वाटतं, असं ती येईल त्याला सांगत असे.

विल्फला सोफा नको होता. तीन गल्ल्या पलीकडचा सेप रोवेल एक्क्याऐंशी वर्षांचा झाला होता आणि मुलीकडे लीड्सला राहायला जाणार होता. त्याची सगळी कबुतरं सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी लिलावात निघायची होती. त्यांत एक निळी मादी होती, यंदाचीच, आणि तिच्या जोडीचा नर. ती नोरीनच्या निळीची पणती. नोरीननं त्या निळीला पिल्लू असताना उशाशी गरम पाण्याची बाटली ठेवून जगवलं होतं. सेपनं ती जोडी फुकटही दिली असती, पण लिलाव जावई बघत होता, आणि जावयाला फुकट हा शब्द माहीत नव्हता. सहाशे पौंड आणले तर बाजूला ठेवतो, एवढं त्यानं कबूल केलं होतं. पेन्शनीत विल्फचं जेवणखाण भागत होतं, सहाशे पौंड निघत नव्हते. विमा परत मिळाला तर दोन हजारांच्या आसपास येतील असा लोर्नाचा हिशेब होता.

"कर्ज दोघांच्या नावावर," लोर्ना वाचत होती. "खिडक्यांसाठी. पहिलं नाव विल्फ्रेड हेस्लॉप, दुसरं नोरीन हेस्लॉप."

"पहिलं माझं?" विल्फ म्हणाला. "बोलणं सगळं तिनंच केलं होतं."

कर्ज काढलं तो शनिवार त्याला चांगला आठवत होता. शर्यतीची कबुतरं सकाळी दूर दक्षिणेतल्या मेडस्टोनहून सुटली होती आणि वारा फिरला होता. शर्यतीच्या दिवशी कबुतरवाला छपराखाली बसत नाही. विल्फनं काउंटरशी उभ्याउभ्या, बोट दाखवतील तिथं सह्या केल्या आणि तो बाहेर फुटपाथवर जाऊन आभाळ बघत उभा राहिला. नोरीन बराच वेळ आत होती; मध्ये एकदा एक कागद बाहेर घेऊन आली, त्यावरही त्यानं न वाचता सही केली. तिला एकटीला गाठून त्यांनी तो विमा गळ्यात मारला, आणि आपण तेव्हा ढग मोजत होतो, हे त्याच्या मनात वर्षानुवर्षं कुसळासारखं राहिलं होतं.

लोर्नानं पुढचा प्रश्न वाचला. विमा घेणं न घेणं तुमच्या मर्जीवर आहे, हे तुम्हाला माहीत होतं का? तो तुम्ही स्वतः मागितला होता का?

"'नाही' लिहिते," ती म्हणाली.

"'नाही' कशाला?" हिल्डा सुरीला लागलेलं पिठलं पावाच्या कडेला निपटत म्हणाली. "मागितला होता की तिनं."

लोर्नाची बोटं थांबली.

"मावशी."

"आता मी काय वाईट बोलले? नोरीन गंडणारी होती का? शाळेच्या स्वयंपाकघरात दोनशे पोरांत एक सॉसेज कमी पडलं तर तिला पातेल्याचं झाकण उघडायच्या आधी कळायचं."

मग हिल्डानं, जशी बाजारातली गोष्ट सांगावी तशी, सगळं सांगितलं. काउंटरवरच्या पोरानं विम्याचं नाव काढल्यावर नोरीननं त्याला किंमत विचारली होती, आणि नको म्हटलं तर चालेल का तेही विचारलं होतं. चालेल, असं तो पोरगा बिचारा खरं बोलून गेला. मग तिनं विचारलं, दोघांपैकी कुणाला लागू? ज्याचं नाव पहिलं त्याला, दुसऱ्याला नाही, असं पोरगा म्हणाला. पहिलं नाव नोरीनचं होतं. तिनं त्याला तो कागद फाडून नवा करायला लावला.

"म्हणाली, माझं काय, मी बटाटे सोलते. तो छपरांवर चढतो, आणि चढला की खाली बघत नाही, वर बघतो."

विल्फनं पाव उचलला आणि परत ताटलीत ठेवला. तीस वर्षं त्यानं लोकांची छपरं शाकारली होती.

"मला बोलली नाही कधी," तो म्हणाला.

"तू काढायला लावला असतास. महिन्याचे तेवढे दाण्याला होतील म्हणाला असतास."

तसंच म्हणाला असता.

विल्फ कधी छपरावरून पडला नाही. दीड वर्षानं नोरीनच्या फुफ्फुसात गाठ निघाली आणि तिची नोकरी सुटली. खिडक्यांचा हप्ता सुटला नाही. त्या पानगळीत विल्फनं सगळी कबुतरं सेपला विकली. गुडघे गेले, आता ढाबळीची शिडी होत नाही, असं त्यानं नोरीनला सांगितलं. ती वरच्या खोलीत पडून असायची. नव्या खिडक्यांना दुहेरी काच होती. त्यांतून वारा येत नसे आणि घुमण्याचा आवाजही येत नसे, त्यामुळे कबुतरं गेली हे तिला कानांनी कळलंच नव्हतं.

ते कळलं निळी परत आली तेव्हा. मोठं झालेलं कबूतर विकत घेतलं तरी ते सोडता येत नाही. दहा वर्षांनी सोडलं तरी ते पहिल्या घरी जातं. म्हणून अशांना जाळीत ठेवून त्यांची नुसती वीण घेतात. सेपची जाळी एका कोपऱ्यात सुटली आणि तासाभरात निळी विल्फच्या रिकाम्या ढाबळीवर येऊन बसली. नोरीननं ती काचेतून पाहिली. विल्फ टोपलीत घालून तिला परत पोचवून आला. दोन दिवसांनी ती पुन्हा आली, पुन्हा पोचवली. हप्त्यासाठी विकलीस का, असं नोरीननं एकदाच विचारलं. गुडघे, तो म्हणाला. तिनं मान हलवली आणि काचेकडे तोंड केलं.

"मला हसत सांगितलं होतं तिनं हे," हिल्डा आता जरा हळू बोलत होती. "शेवटच्या महिन्यात. म्हणाली, हिल्डे, मी भलत्याच पाखरावर पैसे लावले गं."

किटलीखालचा गॅस लोर्नानं उगीच कमी केला.

"मावशी, हे तू इथं बोललीच नाहीस," ती म्हणाली. "बाबा, माझं ऐक. त्यांनी तिला विचारलं का, की तूच आजारी पडलीस तर काय? तिच्या जिवावर त्यांनी किती कमावले? 'नाही' लिहिलं तर आभाळ कोसळणार आहे का? एक शब्द आहे."

"'नाही' म्हणजे तिला कळलं नव्हतं, असंच ना?"

"असंच."

विल्फ मागच्या दारातून बाहेर बघत होता. ढाबळीचं दार उघडंच राहिलं होतं. घरात कागदांचं काही निघालं की तो उठून अंगणात जायचा, ही त्याची जुनी सवय दोघींनाही ठाऊक होती. हिल्डानं त्याला वाट मिळावी म्हणून आपली खुर्ची थोडी आत ओढली. लोर्ना वाट बघत राहिली. तो गेला असता तर तिनं तो शब्द लिहून टाकला असता, आणि पुन्हा कधी विषय निघाला नसता.

विल्फ उठला नाही.

"हो लिही," तो म्हणाला.

"मग बहुतेक काहीच मिळणार नाही."

"तिनं विचारून घेतला होता. समजून घेतला होता. हो लिही."

लोर्नानं लिहिलं. हिल्डानं त्याच्या ताटलीतला पाव आणखी एकदा कापला आणि अर्धा त्याच्या हाताशी सरकवला. तो त्यानं खाल्ला.

उत्तर यायला आठवडे लागणार होते, पण ते काय येणार हे तिघांनाही कळलं होतं. विल्फ दुसऱ्या दिवशी सेपकडे जाऊन जोडी लिलावात जाऊ दे म्हणून सांगून आला. सेपनं त्याला खूप वेळ अंगणात बसवून घेतलं आणि पावसापाण्याचं काय काय बोलत राहिला. निघताना एवढंच म्हणाला, की शनिवारी मेडस्टोनहून शेवटची शर्यत आहे आणि जोडीतली ती यंदाची निळी त्यात आहे. बघायला ये. विल्फ म्हणाला, घरूनच बघतो.

उरलेले खण त्यानं त्या आठवड्यात खरवडून काढले. रंगाचे डबे फेकले. वाडगं धुऊन जागच्या जागी ठेवलं.

शनिवारी सव्वासातला कबुतरं सुटल्याचं सेपनं फोनवर सांगितलं. जेवणाच्या वेळेपासून विल्फ अंगणात उलट्या क्रेटवर बसून होता. वरच्या खोलीची खिडकी त्यानं सताड उघडली होती. वारा दक्षिणेचा, हलका. एक वाजून गेल्यावर खाणीच्या जुन्या टेकाडामागून एक ठिपका आला. तो खाली उतरत आला, त्याला पंख फुटले, पंख निळे झाले. विल्फ उभा राहिला. त्याच्या हातात काही नसताना मूठ दाणे हलवावेत तशी हलली.

निळी त्याच्या छपरावरून गेली. ती हळू झाली नाही, वळलीही नाही. तीन गल्ल्या पलीकडे सेप दाण्यांचा डबा खुळखुळवत होता. तो आवाज अंगणापर्यंत येत होता. मग तो थांबला.

विल्फनं मनगटावरचं घड्याळ पाहिलं होतं. एक वाजून एकोणीस मिनिटं. तो ढाबळीत गेला, फळीवरचा खडू शोधला आणि दाराच्या आतल्या बाजूला, जिथं तो पूर्वी लिहीत असे तिथं, खाली वाकून हिशेब मांडला. शर्यतीत नंबर वेगावर लागतो, म्हणून प्रत्येक ढाबळीचं अंतर क्लबनं वेगळं मोजून दिलेलं असतं. सेपचं विल्फच्यापेक्षा थोडं जास्त होतं. विल्फनं आपलं धरलं.

मेडस्टोनपासून दोनशे चाळीस मैल, आठशे ऐंशी यार्ड. सहा तास चार मिनिटं. मिनिटाला ११६२.८५७ यार्ड.