मैदानाची सुतळी

सकाळपासून शिवगंगाचं कशात चित्त नव्हतं. भाकरी तव्यावर टाकायची, उंबऱ्याशी जाऊन सोप्यात डोकवायची, तोवर भाकरी करपायची. कडेवरच्या धाकट्या शिवकुमारनं पिठाचे हात दोनदा तिच्या केसांना पुसले, तेही तिला कळलं नाही.

सोप्यात थोरली लेक पवित्रा वही घेऊन बसली होती, पण काकाजवळ. एरवी गणिताला ती आईच्या चुलीपाशी असायची. शिवगंगा संकेश्वरची, नववीपर्यंत कन्नड शाळेत शिकलेली. गणितात तिचा हात धरणारं वर्गात कुणी नव्हतं. पण आठवड्यापूर्वी घोटाळा झाला. परिमितीला कन्नडमध्ये 'सुत्तळते' म्हणतात. घाईत तिच्या तोंडून तेच गेलं, आणि सातवीतल्या पोरीनं चाचणीत लिहिलं, 'मैदानाची सुतळी ८४ मीटर'. बाईंनी ते वाचून दाखवलं. तेव्हापासून अख्खा वर्ग तिला सुतळी म्हणतो.

"अव्वा, तू नको शिकवूस आता," त्या दिवशी दप्तर टाकत पवित्रा आईला म्हणाली होती. "मी काकाकडं बसते."

एवढंच. पण शिवगंगाला घर खायला उठलं होतं.

काका म्हणजे तिचे थोरले दीर, बाळासो. शिवाजी पेठेतल्या तालमीत त्यांचा शब्द खाली पडत नसे, मग गणितात तरी का पडावा? चाचणीतलं तेच गणित पवित्राला आज फळ्यावर सोडवायचं होतं. आयताकृती मैदानाची परिमिती ८४ मीटर, लांबी रुंदीपेक्षा ६ मीटरनं जास्त. क्षेत्रफळ काढा.

"सोपं हाय की!" काका गरजले. "रुंदी एक्स, लांबी एक्स अधिक सहा. बेरीज चौऱ्याऐंशी. त्यातनं सहा काढ, ऱ्हायलं अठ्ठ्याहत्तर. अर्धं कर. रुंदी एकोणचाळीस, लांबी पंचेचाळीस. मार गुणाकार!"

शिवगंगाचा हात परातीतच थांबला. हदिनेंटु, मनात कन्नडमध्येच उत्तर आलं. रुंदी अठरा. थोरल्या दिराच्या तोंडावर कसं बोलायचं? आणि न बोलावं, तर लेक पुन्हा फळ्यापुढं हसं होऊन उभी. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला, पुन्हा केला, आणि बाहेर आली.

"भावजी, ही काय महादेवाची प्रदक्षिणा हाय व्हय?"

"म्हंजे?"

"अर्ध्यातनं माघारी फिरलासा की. मैदानाला पुरा वेढा घालाय पायजे. लांबी दोनदा, रुंदी दोनदा."

काकांनी वहीवर बोटानं आयत काढून बघितला. मग त्यांनी मांडीवर थाप मारली.

"आयला, दोन बाजू चालायच्या ऱ्हायल्याच की! माझ्या नादानं पोरगी बुडाली असती. बस तूच हिच्यापाशी, मी निघतो तालमीला."

शिवगंगा बसली. पवित्रा जरा आकसली, पण वही सरकवली.

"परमिती चौऱ्याऐंशी, तर अर्धी..."

"परिमिती, अव्वा. परि."

"प-रि-मि-ती," शिवगंगा शाळकरी पोरीसारखी म्हणाली. "अर्धी किती?"

"बेचाळीस. सहा काढले, छत्तीस. त्याच्या निम्मे अठरा! मग लांबी चोवीस, क्षेत्रफळ..." पेन्सिल भराभरा चालली. "चारशे बत्तीस चौरस मीटर!"

साडेदहा वाजून गेले होते. पोरीनं दोन घासांत भाकरी संपवली, दप्तर खांद्याला लावलं.

"पवी," शिवगंगा दारापर्यंत मागं धावली. "घरी कोण शिकवतं म्हणून बाईंनी विचारलं, तर काकाचं नाव सांग हं. माझं नको. पोरं पुन्हा चिडवतील."

पवित्रा चपलेत पाय घालता घालता थांबली.

"काकाचं कसं सांगू? त्याचं चुकलंय की," ती म्हणाली, आणि पळाली.