धारगळचा शाळिग्राम

मित्रांनो, मी एक जुना शाळिग्राम आहे. किती जुना म्हणाल, तर हिमालयाहूनही जुना. माझ्या काळ्या अंगावरचे चक्र हा माझा शंख. शास्त्रज्ञ मला अमोनाइट म्हणतात.

तेव्हा मी उबदार, उथळ समुद्रात पोहत असे. पाणी वाढून जमिनीवर पसरले, की आमच्या कुळाला नवी अंगणे मिळत आणि कोणी काटेरी, कोणी चपटे, अशी नवी रूपे जन्माला येत. पाणी ओसरले, की ती अंगणे सुकत आणि कितीतरी जाती नाहीशा होत. उरलेल्या थोड्यांपासून पुन्हा कूळ वाढे. शेवटी समुद्र असाच मागे हटत असताना आकाशातून भला मोठा दगड कोसळला आणि आमचे कूळ संपले. मी तोवर चिखलाखाली दगड झालो होतो. ही बातमी मला फार उशिरा कळली.

समुद्राचा तळच उचलला जाऊन हिमालय झाला. गंडकी नदीत मी गुळगुळीत झालो आणि एका यात्रेकरूच्या झोळीतून धारगळला आलो. त्याची सून पद्मावती मला रोज न्हाऊ घाली, तुळस वाही. तुळशीच्या लग्नात नवरा मीच, या वयात बाशिंग. न्हाऊ घालताना ती विचारी, "तान लागली मा रे तुका?"

तिची नात सेजल एकदा तिला पुस्तकातून अमोनाइटांची गोष्ट वाचून दाखवत होती. आपले कोणी उरले नाही, हे मला तेव्हा कळले. त्या दिवशी पद्मावतीने मला जरा जास्त वेळ न्हाऊ घातले.

गेल्या चैत्रात ती वारली. मी कोरडाच राहू लागलो.

"पूजेबगर देव घरात ठेवचो नाय," तिचा मुलगा गौरेश म्हणाला. "हेका खंय तरी सोडूक होयो."

सेजल आता जवळच्या तुये गावातल्या कारखान्यात कामाला जाते. ती म्हणाली, "बाबा, ह्यो मूळचो दर्यातलो. तेका तेच्या घराक पोचवया."

ती मायेनेच बोलली. पोरी, माझे घर तुझ्या आजीच्या ताम्हणात आहे, असे सांगावेसे वाटले. पण दगडाला आवाज कुठला?

रविवारी दोघांनी मला केरीच्या समुद्रात सोडले. सेजलने हात जोडले, डोळे पुसले. मी खाली गेलो. तिथे मासे होते, खेकडे होते, शिंपले होते. माझ्यासारखा एकही नव्हता.

मित्रांनो, जुन्या वस्तूला निरोप देण्याआधी तिला कोणाचा लळा लागला आहे, ते पाहा. इथे माझ्या चारी बाजूंना पाणी आहे. तहान लागली का, असे विचारणारे कोणी नाही.