चाखणीची खुर्ची

माझ्या धाकट्या भावाला मी युवराज म्हणते. तोंडावर नाही, मनातल्या मनात. तोंडावर आम्ही सहा वर्षांत एक शब्द बोललेलो नाही, आणि दुकान तर रोज एकाच गल्ल्यामागे दोघं मिळून चालवतो. बोलायचं असलं की गिऱ्हाईक मधे घ्यायचं. कोणी पोट साफ होत नाही म्हणून सोनामुखी मागायला आला की युवराज त्याला म्हणणार, "सोनामुखी वरच्या खणात आहे, सांगा त्यांना." मी त्याच गिऱ्हाइकाला म्हणणार, "हात धडधाकट आहेत, काढून घ्या म्हणावं." बिचारा पोट धरून दोघांकडे आळीपाळीने बघत बसतो.

भांडण खुर्चीचं. वनौषधींच्या या दुकानात दाराजवळ एक लाकडी खुर्ची आहे. आलेलं प्रत्येक पोतं तिथे उघडायचं, खुर्चीतल्या माणसाने त्यातला तुकडा मोडायचा, हुंगायचा, चावायचा आणि घ्यायचं की परत पाठवायचं ते सांगायचं. खुर्चीने एकदा चाखलं की दुसऱ्याने चाखायचं नाही, हा वडिलांचा नियम. मी आठ वर्षांची असताना डोळे बांधून सतरा मुळ्या नुसत्या वासावर ओळखल्या होत्या. युवराजांना तेव्हा ओवा आणि बडीशेप यांतला फरक कळत नव्हता. तरी सहा वर्षांपूर्वी वडील गेले तेव्हा खुर्ची मिळाली कोणाला? मुलगा ना तो! माझ्यासाठी वडिलांनी कागदावर एवढंच लिहिलं की त्याची जीभ चालेनाशी झाली तर खुर्ची मुलीची, आणि तो निवाडा वैद्यबुवांनी करायचा. वैद्यबुवा वडिलांचे मित्र. त्यांच्या दवाखान्याचा सगळा माल आमच्याकडून जातो.

दोन वर्षांपूर्वी युवराजांना मोठा ताप आला. उठला, खुर्चीत बसला, पण मला संशय यायला लागला. भावजय एकदा सहज बोलून गेली की हल्ली आमटीत मीठ विसरलं तरी हे मुकाट जेवतात. मी म्हटलं, सापडला! पण पठ्ठ्या एकाही पोत्यात चुकेना. किडकी गुळवेल आली, त्याने परत पाठवली. बुरशी धरलेला अडुळसा आला, तोही परत. चावताना मात्र कितीतरी वेळ लावायचा, आणि तेवढा वेळ माझ्याकडे टक लावून बघायचा. माझं टाळकं सरकायचं. खुर्चीत बसून वर मला खिजवतो!

मग ते ज्येष्ठमधाचं पोतं आलं. दुपारी युवराज जेवायला घरी गेला होता. खरं तर पोत्याला हात लावायचा मला अधिकार नाही, पण मी शिवण उसवून एक कांडी काढली, अडकित्त्याने तोडली आणि चावली. लाकडाचा भुसा चावावा तशी लागली. गोडीचा मागमूस नाही. उकळून काढा काढून घेतलेल्या कांड्या वाळवून पुन्हा विकायला पाठवल्या होत्या. वरून रंग तोच, साल तीच. बघून कोणाला कळलं नसतं, जिभेलाच कळलं असतं.

मी शिवण पुन्हा घातली आणि गप्प बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी वैद्यबुवा माल न्यायला येणार होते, त्यांच्याकडे खोकल्याचे रुग्ण वाढले होते. म्हटलं, होऊ दे निवाडा त्यांच्यासमोरच. रात्री मला आनंदाने झोप लागेना. लाज वाटली का? नाही वाटली. सहा वर्षं कुढत काढली होती मी.

सकाळी वैद्यबुवा आले, काठी टेकवून बाकावर बसले. युवराजाने पोतं उघडलं, कांडी मोडली, नाकाशी धरली, तोंडात घातली. चावत राहिला आणि नेहमीसारखा माझ्याकडे बघत राहिला. या खेपेला मी नजर वळवली नाही. उलट मला इतकं बरं वाटत होतं की हसू आवरेना. आता पडतोस बघ, म्हटलं.

"उत्तम आहे," तो वैद्यबुवांना म्हणाला. "चांगला गोड आहे. न्या."

मी गल्ल्यामागून पुढे आले. "वैद्यबुवा, जरा तुम्हीच चाखा."

नियम मोडला म्हणून ते आधी रागावले, पण मी कांडी त्यांच्या हातात कोंबली. त्यांनी चावली, थुंकली, मग दुसरी घेतली. युवराजाचा चेहरा पांढराफटक पडला. मी भडाभडा सगळं सांगून टाकलं, ताप, आमटी, मीठ, काही म्हणून ठेवलं नाही. वैद्यबुवांनी त्याला विचारलं तेव्हा त्याने मान खाली घालून कबूल केलं की दोन वर्षांत त्याला कशाचीच चव आली नाही, वासही नाही.

वैद्यबुवांनी हातातली कांडी बाजूला ठेवली. मग त्यांनी मला विचारलं, "तुला हे पोत्याचं कधी कळलं?"

"काल दुपारीच," मी म्हटलं. ताठ मानेने म्हटलं.

"कागदाप्रमाणे खुर्ची तुझी झाली," ते म्हणाले. "पण माझा माल उद्यापासून मी दुसरीकडून घेईन. त्याला कळत नव्हतं आणि त्याने लपवलं, त्याचा मला राग आहेच. पण तुला कळत होतं. माझे रुग्ण खोकून हैराण झालेत, आणि तू रात्रभर ते पोतं शिवून ठेवलंस."

मी म्हटलं, मी बोलणारच होते, बोललेच ना! त्यांनी ऐकून घेतलं नाही. काठी उचलली आणि पायऱ्या उतरून गेले.

दुकानात आम्ही दोघंच उरलो. मधे घ्यायला गिऱ्हाईकही नव्हतं. युवराज खुर्चीतून उठला आणि तिची बैठक उपरण्याने पुसायला लागला. त्या पुसण्याचाही मला राग आला. पण एक गोष्ट डोक्यातून जात नव्हती, आणि सहा वर्षांनी मीच पहिल्यांदा तोंड उघडलं.

"चव नव्हती, वास नव्हता, तर दोन वर्षं एकाही पोत्यात चुकला कसा नाहीस?"

त्याने पुसायचं थांबवलं नाही.

"तुझं तोंड बघून, ताई. पोतं उघडलं की तुला आधी वास यायचा. माल वाईट असला की तुझं नाक मुरडायचं, कपाळाला आठी पडायची. लहानपणापासून तुला काही लपवता आलेलं नाही. तुला माझा कितीही राग असला तरी मालाच्या बाबतीत तुझं तोंड खोटं सांगणार नाही, हे मला माहीत होतं."

बैठक पुसून झाली तसं त्याने उपरणं उचललं.

"आज तू हसलीस," तो म्हणाला. "मला वाटलं, गोड आहे."

त्याने उपरणं झटकून खांद्यावर टाकलं, चपला घातल्या आणि घरी गेला.