तिकिटावरची रेघ

साहेब, त्या पाकिटावरची तारीख तुम्ही खाल्लीत. पेन कुणी चालवलं ते नंतर बघू; हुकूम तुमचा होता. तारखेचे शिक्के जमा करा, वेळ वाचवा, टपालाच्या तिकिटावर बॉलपेननं रेघ ओढा आणि पुढं ढकला. सही करताना तुम्हाला वाटलं असेल, तिकीट ते काय, एकदा वापरलं की कचरा. आता त्या कचऱ्यापायी जेवण सोडून बसलेला हा माणूस बघा.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर तो वाकून बसलाय. एका डोळ्याला भिंग, समोर पाकीट. सारा जन्म त्यानं चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काचा घासल्या. गल्लीत त्याला भिंगवालेच म्हणतात. खरं नाव विचारलंत तर शेजाऱ्यालाही डोकं खाजवावं लागेल.

"जेवून घ्या हो आधी," बायको म्हणाली. "तिकीट काय पळून जातंय?"

"इथं बघ. रेघेच्या खाली काळं दिसतंय ना? शिक्क्याची कड आहे ही."

"मला तर बाई सगळंच काळं दिसतंय."

पाकीट सकाळी आलं होतं, आक्काचं. आणि आक्काला जाऊन आठवडा होऊन गेला होता.

आक्का त्याची थोरली बहीण. लहानपणी दोघांत मिळून एकच अल्बम होता. तिचं लग्न ठरलं तेव्हा त्यानं तो मधोमध फाडायची तयारी केली होती. तिनं त्याच्या कानाखाली एक ठेवून दिली आणि म्हणाली, "गाढवा, तू ठेव. भर मी घालीन." आणि तिनं घातली. पाकिटात चिठ्ठी कधी नसायची, नुसता कोरा पुठ्ठा. तो आत असला की शिक्का सपाट बसतो, स्वच्छ उमटतो. पाकीट डब्यात टाकून ती कधी घरी आली नाही. पोस्टाच्या खिडकीशी उभी राहायची. "कोपऱ्यात मारा हं, तोंडावर नको. त्या बिचाऱ्यानं काय घोडं मारलंय तुमचं?" तिला येताना बघितलं की कारकून चहाला उठायचे. शिक्का फिसकटला तर ती दुसरं तिकीट घ्यायची आणि पुन्हा उभी राहायची.

मग फोन. "गाढवा, मिळालं का?"

"मिळालं."

"गोल कसाय?"

"पूर्ण. तारीख वाचता येते."

एवढंच. बाकीच्या जगात भाऊबहीण सुखदुःखं बोलतात, ही दोघं शिक्क्याचा गोल बोलायची.

नंतर तुमची नवी तिकिटं आली. पाठीमागं डिंक नाही, स्टिकर. पूर्वी कोमट पाण्यात सोडलं की तिकीट आपसूक कागदावरून सुटायचं, हे सुटेना. आक्का फोनवर करवादायची, "आठ दिवस भिजत घातलं तरी जागचं हलत नाही मेलं. माझी सासूसुद्धा इतकी चिकट नव्हती!" तिकिटं तरी किती काढावीत! आज पक्षी, उद्या पूल, परवा कुठल्याशा कंपनीची पन्नाशी. ते निघालं कधी म्हणून विचारलं तर कारकुनाला पत्ता नाही. पुढं पुढं तर तिकीट मागितलं की मशीनमधून निघालेला पांढरा चिकटा हातावर ठेवायला लागले. भिंगवाल्यांनी स्टिकर भिजवायचं सोडून दिलं. कागदासकट कापून ठेवायचे.

मग आक्का विसरायला लागली. आधी गॅस, मग घरचा पत्ता, मग माणसं. भाचा म्हणाला, "मामा, येऊन जा. पण ओळखेल असं धरून येऊ नका."

भिंगवाले भेटायला गेले. आक्का खिडकीत बसली होती. तिनं त्यांना आपादमस्तक न्याहाळलं आणि विचारलं, "चष्मा झाला का हो तयार?"

"आक्का, मी."

"घाई नाही. झाला की सांगा."

गाढव म्हणाली नाही. सबंध आयुष्यात पहिल्यांदा तिनं त्यांना अहोजाहो केलं. परतीच्या बसमध्ये ते तोंडावर रुमाल धरून बसले होते. शेजारच्याला वाटलं, गाडी लागलीय.

आणि आज हे पाकीट. आत कोरा पुठ्ठा. पत्ता तिच्याच अक्षरात, पण ती पत्ते घातलेली पाकिटं गठ्ठ्यानं तयार ठेवायची, तेव्हा त्यावरून काही कळत नव्हतं. त्यांनी भाच्याला फोन लावला.

"आमच्यापैकी कुणी टाकलं नाही, मामा. दार उघडं दिसलं की ती निघायची कधीकधी. सांभाळायला बाई होती ना, ती म्हणते, एकदा टपालाच्या डब्यापासून हाताला धरून परत आणलं होतं."

"कधी? मी येऊन गेल्यावर?"

"तिला नाही आठवत. का हो?"

का हो! भेटीच्या आधीचं असेल तर त्या दिवशी खिडकीत बसलेली बाई खरंच परकी होती, आणि आक्का त्याआधीच संपली होती. नंतरचं असेल तर ते गेल्यावर तिच्या डोक्यात कुठंतरी दिवा लागला होता. गाढव आला होता, हे तिला कळलं होतं. पाकीट पुठ्ठ्यासकट उचलून ती चालत निघाली होती. आणि यांतलं काय खरं, ते फक्त शिक्क्यावरची तारीख सांगू शकत होती. तुमच्या कारभारात पाकीट दोन दिवसांत पोचतं, दोन महिनेही पडून राहतं. दुसरा पुरावा कसला?

दुपारी त्यांनी पाकिटाचा कोपरा कापला आणि ताटलीत कोमट पाणी घेतलं. शिक्का जोरात बसला असेल तर त्याची खूण तिकिटाच्या पाठीवर उठते, हे जमवणाऱ्यांना ठाऊक असतं. तेवढी तारीख मिळाली असती.

"नव्या तिकिटांना पाणी चालत नाही म्हणता ना तुम्ही?" बायकोनं विचारलं.

"हे जुन्यातलं आहे. कडेचे दाते बघ की."

दाते खोटे होते. हल्ली स्टिकरलाही शोभेसाठी दाते कापतात. भिंगातून हे त्यांनी शंभरदा ओळखलं असतं. पण डोळ्यांत पाणी असलं की भिंग काय करणार?

रंगाची साल सुटली आणि पाण्यावर तरंगली. पेनाची रेघ, तिच्याखालचं काळं, सगळं निळसर होऊन ताटलीत उतरलं. खाली पांढरा लगदा राहिला. बायकोनं एकदा ताटलीकडं बघितलं, एकदा त्यांच्याकडं, आणि जेवायचा आग्रह सोडला.

संध्याकाळी, बंद व्हायच्या आधी, ते पोस्टाच्या खिडकीशी उभे राहिले. कोपरा कापलेलं पाकीट पुढं सरकवलं.

"पोचलं ना काका? मग?" खिडकीतली मुलगी थकलेली होती.

"यावरच्या तिकिटावर रेघ कुणी मारली?"

"मी मारली असेल, नाहीतर पोस्टमननं, नाहीतर तिकडच्यांनी. शिक्का नसला की मारायची, असं सांगितलंय."

"रेघेखाली शिक्का होता का, बाळ? अर्धा, पुसट, कसाही?"

"काका, एवढं बघत बसलो तर रात्र होईल हो."

मागून एकजण म्हणाला, "आजोबा, तिकिटं जमवायचं वय राहिलंय का? सरका ना."

मुलगी ओशाळली. "नवं देऊ का एखादं? फुलांचं छान आलंय."

"नको. तारीख पाहिजे."

"साध्या पाकिटाचा नंबर नसतो. कुणालाच नाही कळणार." तिनं एक कागद पुढं केला. "तक्रार लिहून द्या. मी वर पाठवते."

"वर कोण असतं?"

"साहेब."

भिंगवाल्यांनी पेन घेतलं. कागदावर टेकवलं. तिकीट भिजून गेलं अशी तक्रार करायची? भिजवलं तर त्यांनीच होतं. बहीण गेली अशी? ते काही टपालखात्याचं काम नव्हतं. मुलीनं दिवा मालवायला घेतला, तरी कागद कोराच. ते तसेच घरी गेले.

म्हणून त्यांच्या वतीनं हे लिहावं लागतंय, साहेब. त्यांना भरपाई नको, दिलगिरीचं छापील पत्र नको, फुलांचं तिकीट तर नकोच नको. एक म्हातारी बाई हातात पाकीट घेऊन घराबाहेर पडली, तो दिवस कोणता? भाऊ येऊन गेल्याच्या आधीचा, की नंतरचा?

आधी की नंतर? बोला.